दवाखाना चांगला आहे का, हे विचारायचं कसं

प्रश्न असा आहे: "सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. दोन्ही गुडघे गेलेत, आधी उजवा बदलायचा असं ठरलंय. ऑपरेशन इंदुरातच करायचंय. समोर तीन ठिकाणं आहेत: घराजवळचं जुनं नर्सिंग होम, बायपासकडचं नवं मोठं हॉस्पिटल आणि सरकारी. मामा म्हणतात मशिनरी बघा. आत्या म्हणतात नर्सिंग होमच्या डॉक्टरांच्या हाताला यश आहे. पुण्याचे दीर गुगलवरचे तारे मोजून पाठवतात. आम्ही साधी माणसं, चांगली सेवा ओळखणार कशी? आम्हाला जे दिसतं त्यावरून ठरवणं बरोबर आहे का?"

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. हो, जे दिसतं त्यावरूनच ठरवायचं. रुग्णाला वैद्यकातलं काही कळत नाही, त्याच्या मताला काय किंमत, असं आमच्या क्षेत्रातली पुष्कळ माणसं मानतात. मी मानत नाही. आठ दिवस कॉटवर पडून असलेल्या माणसाला वॉर्डाबद्दल जे ठाऊक असतं, ते दहा मिनिटं राउंडला येणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. अडचण एवढीच, की लोकांची नजर तिखट असली तरी ती बहुतेक वेळा भलतीकडे लागलेली असते. आणि आजूबाजूच्यांना आपण जे विचारतो तो प्रश्नच इतका मोघम असतो, की उत्तरातून काही हाती लागत नाही.

मी जन्मभर नर्सिंग केलं. आधी वॉर्डात, मग ओ.टी.त म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, आणि शेवटची काही वर्षं इथल्याच एका खाजगी रुग्णालयात गुणवत्तेचं काम पाहिलं. डिस्चार्जच्या वेळी रुग्णाकडून जो अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतात तो वाचायचा, नोंद ठेवायची, ज्या वॉर्डाबद्दल तक्रार असेल तिथे स्वतः जाऊन बघायचं, हे माझं रोजचं काम. लोक काय लिहितात? चहा गार होता. लिफ्टपाशी ताटकळावं लागलं. दुपारची सिस्टर तुटक बोलली. डॉक्टर देवमाणूस आहेत. बिल व्हायला अर्धा दिवस गेला. जखम भरून आली का, पुन्हा भरती व्हावं लागलं का, याबद्दल त्या फॉर्मवर एक ओळ नसते. असणार कशी? फॉर्म भरला जातो निघताना, आणि जखम चिघळायची असेल तर ती घरी गेल्यावर चिघळते.

त्यातला एक फॉर्म सांगते. बडवानीकडच्या एक आजी होत्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून नातवाने हिंदीत लिहून दिलं होतं. तक्रार अशी: रात्रीची सिस्टर गोळी द्यायला आली की दर वेळी माझं नाव विचारते, मनगटावरचा पट्टा बघते. इतके दिवस तीच सिस्टर, तीच मी, तरी हिला माझं नाव लक्षात राहत नाही. हिचं कामात लक्ष नाही. बिल तयार होईपर्यंत आजी वॉर्डातच होत्या, मी वर गेले. दोन कॉट सोडून त्याच नावाच्या दुसऱ्या बाई होत्या आणि त्यांना रक्त पातळ करण्याचं औषध चालू होतं. आजींच्या शेजारी बसून मी त्यांना समजावलं, की नाव न विचारता गोळ्यांची अदलाबदल झाली असती तर ऑपरेशनच्या जागेतून रक्त थांबलं नसतं. आजींनी पलीकडे त्या बाईंकडे पाहिलं, मग मला विचारलं, "मग हे तिने मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

आजींनी जे घडलं ते अगदी अचूक टिपलं होतं. त्या वॉर्डातली सगळ्यात चांगली गोष्ट त्यांच्याच नजरेत भरली होती, फक्त तिचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता. आणि तो सांगणं हाही सेवेचाच भाग आहे, हे त्यांचं म्हणणं रास्त होतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: कुणालाही "ते हॉस्पिटल कसं आहे" असं विचारू नका. तिथे काय काय घडलं ते विचारा. "कसं वाटलं" याचं उत्तर माणूस स्वभावाप्रमाणे देतो. रुग्ण बरा झाला की सगळंच छान वाटतं, दगावला की सगळंच वाईट. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की डॉक्टरांवर सर्वांत जास्त समाधानी असलेल्या रुग्णांचा खर्चही जास्त होता, रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाणही जास्त होतं आणि मृत्यूचं प्रमाणदेखील. समाधानामुळे माणसं गेली असा त्याचा अर्थ नाही. रुग्ण मागेल ती तपासणी आणि मागेल ते औषध दिलं की समाधान वाढतं, तब्येत सुधारेलच असं नाही, एवढं मात्र त्यातून कळतं. याच्या पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या संशोधकांनी ५५ अभ्यास एकत्र करून पाहिले. तिथे चित्र वेगळं होतं. रुग्णांचे अनुभव जिथे चांगले, म्हणजे नीट ऐकून घेतलं, समजावून सांगितलं, निर्णयात सामील करून घेतलं, तिथे बहुतेक वेळा सुरक्षितता आणि उपचारांचा परिणामही चांगला होता. दोन्ही गोष्टी मला वॉर्डात दिसलेल्या आहेत. मर्जी सांभाळली म्हणजे काळजी घेतली असं होत नाही, पण खरी काळजी घेतली जात असेल तर ती रुग्णाला कळल्याशिवाय राहत नाही.

आता आत्यांच्या "हाताला यश" बद्दल. ही म्हण खोटी नाही. सर्जनच्या हातात फरक असतोच. पण तो हात पारखायचा कसा? गुडघा बदलण्यासारख्या ऑपरेशनमध्ये जे सर्जन आणि जी रुग्णालयं हे काम सतत करतात त्यांच्याकडे गुंतागुंत कमी होते, हे अनेक देशांत दिसून आलेलं आहे. तेव्हा सरळ विचारा, "डॉक्टर, वर्षाला असे साधारण किती गुडघे करता? मागच्या वर्षी किती जणांना इन्फेक्शन झालं?" विचारायला संकोच वाटतो, आपल्याकडे तर फारच. पण चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही. तो आकडा सांगतो, इन्फेक्शन झालेल्यांचं पुढे काय केलं तेही सांगतो. "आमच्याकडे कधीच होत नाही" हे उत्तर मिळालं तर मी तिथून उठेन. कधीच होत नाही असं ठिकाण जगात नाही. असं म्हणणारे एक तर मोजत नाहीत किंवा सांगत नाहीत.

बोलण्याचालण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण लोक सर्वांत जास्त त्यावरूनच ठरवतात, आणि त्यात खरं-खोटं निवडून घ्यावं लागतं. डॉक्टर गोड बोलतात का, हे फारसं महत्त्वाचं नाही. ते ऐकतात का, हे फार महत्त्वाचं आहे. १९८४ साली अमेरिकेत मोजलं गेलं, तेव्हा रुग्ण बोलायला लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. स्वित्झर्लंडमध्ये २००२ साली उलटं करून पाहिलं: रुग्णाला मध्ये न तोडता बोलू दिलं तर तो किती वेळ घेतो? सरासरी ९२ सेकंद. दीड मिनिट! तेवढ्यात माणूस आपलं दुखणं सांगून मोकळा होतो. आपल्याकडे मात्र वेळच अपुरा. २०१७ साली ६७ देशांतल्या आकड्यांवरून जे संकलन झालं त्यात भारतातल्या प्राथमिक तपासणीची वेळ जेमतेम दोन मिनिटांच्या आसपास निघाली.

आणि हे आपल्या दारातलं आहे. मध्य प्रदेशातल्या खेड्यांमध्ये शिकवून तयार केलेली माणसं रुग्ण बनवून दवाखान्यांत पाठवली होती. कुणी छातीत दुखतं म्हणून, कुणी दम लागतो म्हणून, कुणी घरी असलेल्या लहान मुलाला जुलाब होतात म्हणून. २०१२ साली आलेल्या त्या अभ्यासात, ज्यांच्याकडे लोक "डॉक्टर" म्हणून जात होते त्यांपैकी ६७ टक्के लोकांकडे वैद्यकीय शिक्षणच नव्हतं. बरोबर निदान क्वचितच झालं, नको ती औषधं मात्र सर्रास मिळाली. पुढे त्याच गटाने सरकारी दवाखान्यातले आणि नंतर आपल्या खाजगी खोलीत बसणारे तेच डॉक्टर ताडून पाहिले. खाजगीत ते जास्त वेळ देत होते आणि जास्त प्रश्न विचारत होते. म्हणजे ज्ञान तेच, माणूस तोच, पण विचारपूस कमी झाली की उपचार बदलतात. डॉक्टरांनी किती प्रश्न विचारले, हे पदवी नसलेल्या माणसालाही मोजता येतं, आणि हे मोजमाप खरं आहे. सासूबाईंच्या बाबतीत बघायचं ते हे: शुगर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, आधी कधी भूल दिली होती का, दात किडलेले आहेत का, लघवीला जळजळ होते का, घरात जिने किती, रात्री कोण जवळ असतं, हे कुणी विचारलं का? गुडघा बघून, एक्स-रे वर धरून लगेच तारीख दिली असेल तर हात कितीही यशस्वी असो, मला ती घाई खटकेल. दातातलं किंवा लघवीतलं इन्फेक्शन नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतं. शुगर आटोक्यात नसेल तर जखम भरत नाही. वेळ देऊन विचारणारा डॉक्टर कधीकधी "अजून दीड महिना थांबा, आधी शुगर खाली आणू" असं सांगतो. लोक याला टाळाटाळ समजतात आणि दुसरीकडे जातात. जाऊ नका.

स्वच्छतेत आपण इंदूरकर कुणाला हार जात नाही. २०१७ पासून देशात पहिला नंबर मिळवत आलेल्या शहरातली माणसं कुठेही गेली तरी आधी फरशी बघतात. माझ्या फॉर्ममध्येही बाथरूम आणि फरशी यांवरच्या ओळी सर्वांत जास्त असत. बाथरूम घाण असेल तर ते वाईटच आहे. पण चकचकीत ग्रॅनाइटवरून चालत कुणी न धुतलेल्या हातांनी तुमच्या जखमेपर्यंत आलं तर ग्रॅनाइटचा काय उपयोग? इन्फेक्शन बहुतेक वेळा फरशीवरून नाही, हातांवरून जातं. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आले. इतकी जुनी गोष्ट, आणि आजही प्रत्येक वॉर्डात रोज नव्याने सांगावी लागते. तेव्हा कुणाला भेटायला त्या रुग्णालयात गेलात तर दहा मिनिटं खुर्चीवर बसून फक्त हात बघा. कॉटपाशी सॅनिटायझरची बाटली आहे का? ती भरलेली आहे का? एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना सिस्टर, आणि विशेषतः डॉक्टर, हाताला लावतात का? एकच ग्लोव्ह घालून तीन रुग्णांना हात लावणं हे ग्लोव्ह न घालण्याहून वाईट, कारण घालणाऱ्याला वाटतं आपण स्वच्छ आहोत.

आणखी एक खूण तुम्हा इंदूरकरांना चटकन जमेल. ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय आपल्या हातांना आहेच. वॉर्डातल्या डब्यांत डोकावून बघा. २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्ता-पुवाचे बोळे पिवळ्या पिशवीत, नळ्या आणि सलाइनच्या प्लास्टिक बाटल्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. पिवळ्या पिशवीत चहाचे कप आणि सुया एकत्र दिसल्या तर त्या वॉर्डावर कुणाची देखरेख नाही असं खुशाल समजा. जिथे कचऱ्याकडे लक्ष नाही तिथे औषधांच्या तक्त्याकडे असेल, यावर माझा विश्वास नाही.

मामांची मशिनरी. गुडघ्याच्या ऑपरेशनला चांगली ओ.टी. लागते, हृदयाचे ठोके आणि ऑक्सिजन दाखवणारा मॉनिटर लागतो, रक्त मिळण्याची सोय लागते, गरज पडली तर आय.सी.यू. त्याच इमारतीत लागतं. एवढं आहे का ते पाहा आणि मशिनरीचा विषय सोडा. भिंतीवर एन.ए.बी.एच.चं, म्हणजे रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, प्रमाणपत्र असेल तर चांगलंच, निदान कामाच्या पद्धती लिहून ठेवलेल्या आहेत असं समजावं. त्याची मुदत संपलेली नाही ना, तेवढं तारीख वाचून बघा.

मला विचाराल तर रुग्णालय ओळखायचं रात्री. सकाळी सगळीकडे डॉक्टर असतात, सिस्टर असतात, साहेबांचा राउंड असतो. रात्री आठनंतर काय उरतं ते खरं. संध्याकाळी आठला पाळी बदलते तेव्हा वॉर्डात थांबता आलं तर जरूर थांबा. चांगल्या ठिकाणी जाणारी आणि येणारी, दोन्ही सिस्टर कॉटपाशी येतात. "कॉट नंबर चार, उजवा गुडघा, आज दुसरा दिवस. दुपारी दुखणं सात होतं, इंजेक्शननंतर तीन. नळी काढली, लघवी झाली. रक्त पातळ करायचं इंजेक्शन रात्री नऊला बाकी आहे. डाव्या टाचेला लाली आहे, उशी लावली." एक सिस्टर सांगते, दुसरी पांघरूण बाजूला करून टाच स्वतःच्या डोळ्यांनी बघते, हातातल्या सुईची जागा दाबून बघते, आणि मग रुग्णाला विचारते, "आजी, आता कसं दुखतंय, शून्य ते दहा सांगा." असा हँडओव्हर जिथे दिसेल ते ठिकाण मी डोळे मिटून सांगेन. जिथे दोघी काउंटरवर उभ्या राहून रजिस्टरवर सह्या करून मोकळ्या होतात, तिथे टाचेची लाली सकाळपर्यंत कुणाला दिसत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाच्या टाचेला एका रात्रीत फोड यायला वेळ लागत नाही.

म्हणून नातेवाइकांना हे प्रश्न विचारा: रात्री बेल दाबली तर कोण आलं? सिस्टर आली की फक्त वॉर्डबॉय? किती वेळाने? दुखतंय म्हटल्यावर काय केलं, आणि औषध दिल्यानंतर कमी झालं का हे पुन्हा येऊन कुणी विचारलं का? बाथरूमला न्यायला कोण होतं? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर म्हातारी माणसं पडतात ती पुष्कळदा रात्री बाथरूमला जाताना, बेल वाजवून कुणी येत नाही म्हणून एकटी उठल्यावर. आपल्याकडे हे सगळं घरच्या अटेंडरवर सोपवून मोकळं होण्याची पद्धत पडली आहे. तुम्ही सून म्हणून रात्रभर जागी राहालच, पण तुम्ही जागी आहात म्हणून सिस्टरने यायचं नाही, असं होता कामा नये. रात्रपाळीला किती रुग्णांमागे एक सिस्टर असते, हे भरती होण्याआधी इनचार्ज सिस्टरना विचारा. डॉक्टरांना नको, त्यांना बहुधा नेमकं सांगता येणार नाही.

ओ.टी.च्या आत काय होतं ते तुम्हाला दिसणार नाही, पण दारापर्यंतचं दिसतं. सर्जन किंवा त्यांच्या टीममधले डॉक्टर स्वतः येऊन, सासूबाई जाग्या असताना, त्यांनाच विचारून उजव्या पायावर पेनाने खूण करतात का? दोन्ही गुडघे दुखत असताना हे किती महत्त्वाचं आहे ते सांगायला नको. आत नेण्याआधी नाव, कुठला पाय, कशाची ॲलर्जी आहे, हे पुन्हा विचारतात का? जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची तपासणी-यादी आहे. आठ शहरांत, त्यात दिल्लीही होती, ती वापरून पाहिली तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. २००९ साली हे प्रसिद्ध झालं. त्या यादीत काहीच अवघड नाही: नाव, जागा, चिरा देण्याआधी तासाभरात अँटिबायोटिक दिलं का, रक्त तयार आहे का, शेवटी बोळे मोजले का. तुम्ही निःसंकोच विचारा, "तुम्ही ती चेकलिस्ट वापरता ना?" सासूबाईंना मात्र आधी सांगून ठेवा, की पाच जण पाच वेळा नाव विचारतील, वैतागू नका.

थांबावं लागणं यावरून लोक फार चिडतात, आणि मला त्यांचा राग कळतो. पण दोन प्रकारचं थांबणं वेगळं धरा. ओ.पी.डी.त दोन तास बसावं लागलं, कारण आत डॉक्टर एकेकाला नीट बघत आहेत, याने सेवेचा दर्जा कमी ठरत नाही. कॉटवर कुणी दुखण्याने कळवळतंय आणि दोन तास कुणी फिरकत नाही, याने ठरतो. सरकारी रुग्णालयाला लोक पहिल्या प्रकारावरून नापास करतात. इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, एम.वाय.मध्ये, गर्दी आहे, जमिनीवर बसलेले लोक आहेत, धार-झाबुआ-खरगोनपासून रुग्ण येतात. त्याच गर्दीत शिकवणारे प्राध्यापक आहेत, रात्री दोन वाजता जागे असलेले निवासी डॉक्टर आहेत आणि अवघड रुग्णाला "आम्ही घेत नाही" न म्हणणारी परंपरा आहे. गंभीर अपघातात मी आधी तिथेच नेईन. ठरवून करायच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मात्र तिथे तारीख किती लांबची मिळते, इम्प्लांट (गुडघ्यात बसवायचा कृत्रिम सांधा) कुठून येतं आणि वॉर्डात घरच्या किती माणसांना राहावं लागेल, हे आधी जाऊन विचारा. तुमच्या घरात माणसं कमी असतील तर ती गोष्ट आड येऊ शकते, आणि तसं मान्य करण्यात काही चूक नाही.

पैशांबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण बिलावरून जो अविश्वास बसतो तो उपचार चांगले झाले तरी जात नाही. चांगल्या ठिकाणी अंदाजपत्रक लिहून मिळतं, आणि खर्च त्यापलीकडे जाणार असेल तर जाण्याआधी सांगतात. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण संचाला तेव्हा ५४,७२० रुपये, कर वेगळा. सध्याची मर्यादा किती ते विचारून घ्या आणि इम्प्लांटची किंमत बिलात वेगळी लिहून मागा. इम्प्लांटच्या खोक्यावर कंपनीचं नाव, मॉडेल आणि बॅच नंबर असलेले स्टिकर असतात. त्यातला एक केस पेपरवर चिकटवतात, एक तुमच्या डिस्चार्जच्या कागदावर असायला हवा. दहा-पंधरा वर्षांनी तो सांधा पुन्हा उघडायची वेळ आली तर त्या डॉक्टरला हाच कागद लागेल. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत, म्हणजे ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न कितीही असलं तरी वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या आयुष्मान कार्डाला त्या पात्र आहेत. त्या कार्डावर हे ऑपरेशन तुम्ही निवडलेल्या रुग्णालयात होतं का, हे तिथल्या आयुष्मान मित्राला, म्हणजे या योजनेसाठी रुग्णालयात बसणाऱ्या मदतनिसाला, विचारा, नुसत्या बोर्डावर जाऊ नका.

संमतिपत्रावर सही घेताना कसं वागतात, ही मोठी कसोटी आहे. रात्री नऊला वॉर्डबॉय इंग्रजी कागद आणून "यहाँ साइन कर दो" म्हणत असेल तर ती संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं आहे, की रुग्णाला उपचार, त्यातले धोके आणि दुसरे पर्याय समजतील असे सांगूनच संमती घ्यायची, आणि एका उपचाराला दिलेली संमती दुसऱ्याला चालत नाही. सासूबाईंशी मराठीत किंवा हिंदीत कुणी बोललं का? त्यांच्याशी, तुमच्या यजमानांशी नव्हे. म्हाताऱ्या बाईच्या गुडघ्याबद्दल मुलाशी बोलून मोकळं व्हायची आपल्याकडे सवय आहे. ज्या डॉक्टरांनी खुर्ची ओढून त्यांच्याकडे तोंड करून "मावशी, तुम्हाला यातून काय हवंय? देवळाच्या पायऱ्या चढायच्यात की रात्री नीट झोप हवीय?" असं विचारलं असेल, त्यांच्याकडे माझा ओढा जाईल. कारण गुडघा बदलल्यावर पायऱ्या चढता येतात, पण मांडी घालून खाली बसणं बहुतेकांना जमत नाही, आणि हे आधी न कळल्यामुळे ऑपरेशन उत्तम होऊनही दुःखी झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

दिरांच्या ताऱ्यांचं एवढंच: पाच तारे आणि एक तारा, दोन्ही सोडून द्या. तीन तारे देणारे वाचा. ते सहसा प्रसंग सांगतात, कुठल्या दिवशी काय झालं, कोण आलं, कोण नाही आलं. तुम्हाला प्रसंगच हवे आहेत. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही ठिकाणांपैकी मी एकाचंही नाव घेणार नाही, कारण मी आज त्या वॉर्डांत उभी नाही. तुम्ही उभ्या राहू शकता. एक संध्याकाळ काढा आणि तिन्हीकडे आठच्या सुमाराला एकेक चक्कर मारून या.

भरती झाल्यावर काही खटकलं तर डिस्चार्जच्या फॉर्मची वाट बघू नका, त्याच पाळीच्या इनचार्जना सांगा. बहुतेक गोष्टी तिथल्या तिथे सुटतात. सुटली नाही तर वेळ आणि तारीख टाकून लिहून द्या. कागदपत्रांची प्रत मागितली तर ७२ तासांत द्यावी, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ पासूनचा नियम आहे, त्यासाठी भांडायची गरज नाही, अर्ज पुरतो.

आणि निघतानाचं. चांगल्या ठिकाणी दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून चालवतात. घरी जाण्याआधी फिजिओथेरपिस्ट जिन्याच्या दोन-तीन पायऱ्या चढवून-उतरवून दाखवतो. कुठली गोळी किती दिवस आणि जुन्यांपैकी कुठली बंद, हे सिस्टर तुमच्याकडून परत वदवून घेते. जखमेतून पाणी आलं, पोटरी सुजून दुखायला लागली, ताप आला किंवा दम लागला तर काय करायचं, हे लिहून मिळतं. त्या कागदावर रात्री लागणारा फोन नंबर नसेल, तर तो लिहून घेतल्याशिवाय आणि तिथेच उभं राहून एकदा लावून बघितल्याशिवाय सासूबाईंना गाडीत बसवू नका.